रेण्वीय जीवविज्ञानाच्या पदवीतून हाती काय लागते?

महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की वृत्तपत्रांच्या शिक्षणविषयक पानांवर रेण्वीय जीवविज्ञानाच्या पदवीची माहिती छापून येते. जनुकशास्त्र, जीवरसायनशास्त्र, पेशीविज्ञान, रोगप्रतिकारशास्त्र, जैवमाहितीशास्त्र अशी विषयांची यादी असते. तिच्याखाली संशोधन, औषधनिर्मिती, रोगनिदान अशी क्षेत्रांची यादी असते. या दोन याद्यांच्या मधली जागा मात्र कोरीच राहते. तीन-चार वर्षे शिकून बाहेर पडलेल्या मुलाला किंवा मुलीला नेमके काय करता येते, हे त्यातून कळत नाही. हा विषय शिकवणारे आणि प्रयोगशाळेत रोज वापरणारे आम्ही काहीजण ती जागा भरून काढण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. आपल्याच निष्कर्षावर शंका घ्यायची आणि ती प्रयोगाने फेडायची, ही सवय या पदवीची खरी कमाई आहे असे आमचे मत आहे. ती नुसती व्याख्याने ऐकून लागत नाही.

सुरुवात मायक्रोपिपेटपासून, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेण्याच्या हातातल्या साधनापासून होते. मिलिलिटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोलिटर, आणि असे एक-दोन मायक्रोलिटर बिनचूक घेता आले पाहिजेत. पिपेटच्या दट्ट्याला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचे, टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, अंगठा सावकाश सोडायचा, क्षणभर थांबायचे; मग टिप ट्यूबच्या आतल्या भिंतीला टेकवून दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबायचे. नवशिके विद्यार्थी दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबूनच द्रव ओढतात आणि माप जास्त भरते. अंगठा झटक्याने सोडला तर द्रव उसळून पिपेटच्या आत शिरतो. त्या वेळचे माप तर जातेच, शिवाय पुढच्या नमुन्यांत आधीच्या नमुन्याचा अंश मिसळण्याचा धोका राहतो. एन्झाइम बहुधा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेले असते. ग्लिसरॉल दाट असल्यामुळे टिप खोल बुडवली की तिच्या बाहेरच्या अंगालाही थेंब चिकटून येतो आणि एक मायक्रोलिटरच्या जागी दोन जातात. दाट द्रवाचे मोठे माप घ्यायचे असेल तर पद्धत उलटी करतात: दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून ओढायचे, बाहेर सोडताना पहिल्यापर्यंतच दाबायचे आणि उरलेले टिपमध्येच राहू द्यायचे.

हात बसला की नाही हे तराजू सांगतो. पाण्याचे १०० मायक्रोलिटर दहा वेळा घेऊन दर वेळी वजन करा. ते १०० मिलिग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवे. सरासरी बरोबर पण आकडे विखुरलेले, तर हात अजून स्थिर नाही. सगळे आकडे एकमेकांशी जुळतात पण ९४-९५ भोवती आहेत, तर बहुधा पिपेटचे सील सैल झाले आहे किंवा त्याचे कॅलिब्रेशन बिघडले आहे. विखुरलेली चूक आणि एकाच दिशेला झुकलेली चूक यांतला फरक ज्याने असा तराजूवर पाहिला, त्याला पुढे संख्याशास्त्रात तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

द्रावण करणे हे काम सोपे समजले जाते, म्हणूनच त्यात चुका फार होतात. पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला बफर म्हणतात; ट्रिस या रसायनाचे असे एक मोलर (लिटरमागे रेणुभाराइतके ग्रॅम) द्रावण ५०० मिलिलिटर हवे आहे असे समजा. ट्रिसचा रेणुभार १२१.१४, म्हणजे ६०.५७ ग्रॅम लागेल. ते ५०० मिलिलिटर पाण्यात टाकले तर अंतिम आकारमान ५०० च्या वर जाते आणि द्रावण पातळ होते. म्हणून सुमारे ४०० मिलिलिटर पाण्यात विरघळवायचे, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८ च्या जवळ आणायचा, द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा मोजून नेमका करायचा आणि शेवटी ५०० ची खूण गाठायची. थांबायचे कशाला? आम्ल घालताना द्रावण तापते आणि ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर बदलतो: दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०३ ने. २५ अंशांवर ८.० असलेले द्रावण ४ अंशांच्या शीतखोलीत ८.६ च्या आसपास पोचते. एखादे प्रथिन थंड जागी वेगळे वागले तर त्याचे कारण प्रथिनात नसून बफरमध्येही असू शकते. धातूंचे आयन बांधून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाची गोष्ट आणखी वेगळी. ०.५ मोलर द्रावणासाठी घेतलेली पांढरी भुकटी कितीही ढवळली तरी तळाशीच राहते. सोडियम हायड्रॉक्साइड घालत पीएच ८ च्या जवळ नेला की ती विरघळू लागते. आम्लाचे गट विद्युतभारित झाले की रेणू पाण्यात जातो, हे रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षातले ज्ञान इथे डोळ्यांना दिसते.

आता पीसीआर. डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढण्याची ही पद्धत कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळाले. ९५ अंशांवर डीएनएचे दोन धागे सुटे होतात, ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान प्राइमर (हव्या त्या तुकड्याच्या टोकांशी जुळणारे डीएनएचे छोटे धागे) चिकटतात, ७२ अंशांवर टॅक एन्झाइम नवा धागा विणते, साधारण हजार अक्षरांना एक मिनिट या वेगाने. अशी ३० आवर्तने केली तर एका रेणूच्या कागदोपत्री २ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे १०७ कोटी प्रती होतात.

ट्यूबमध्ये काय किती घालायचे हा पहिला प्रश्न. आठ नमुने आणि दोन कंट्रोल (काय उत्तर यायला हवे हे आधीच ठाऊक असलेल्या ट्यूब) म्हणजे दहा ट्यूब; मिश्रण मात्र अकरांचे करतात, कारण टिपला चिकटून थोडे वाया जातेच. २५ मायक्रोलिटरच्या प्रत्येक ट्यूबमध्ये प्राइमर ०.४ मायक्रोमोलर हवा आणि साठ्यातला प्राइमर १० मायक्रोमोलर आहे, तर ट्यूबमागे १ मायक्रोलिटर, अकरांना ११. दोन्ही प्राइमर, चार प्रकारचे न्यूक्लिओटाइड (डीएनएची सुटी अक्षरे) प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, बफर, पाणी, शेवटी एन्झाइम. हे सगळे एका ट्यूबमध्ये हलक्या हाताने मिसळून मग वाटायचे. प्रत्येक ट्यूबमध्ये घटक वेगवेगळे टाकले तर चुका दहापट होतात आणि कोणती चूक कुठे झाली तेही कळत नाही.

पण आम्हाला बोलायचे आहे ते कंट्रोलबद्दल, कारण या पदवीचा गाभा तिथे आहे. एका ट्यूबमध्ये नमुन्याऐवजी नुसते पाणी घालतात. दुसरीत जनुक नक्की आहे असा डीएनए घालतात. जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या थरावर) नमुन्यात बँड (वाढलेल्या डीएनएची रेघ) आला, पाण्यात नाही, माहीत असलेल्या डीएनएत आला, तर निष्कर्षावर विश्वास ठेवायला आधार मिळतो. पाण्याच्या ट्यूबमध्येही तोच बँड दिसला तर त्या खेपेचे सगळे ‘होय’ रद्द. मग पाणी, प्राइमर, बफर, एन्झाइम एकेक करून नव्याने उघडून दोष कुठे आहे ते शोधायचे. माहीत असलेल्या डीएनएतच बँड आला नाही तर प्रक्रियाच झालेली नाही, आणि अशा वेळी ‘नमुन्यात जनुक नाही’ असे लिहिणे चुकीचे आहे. सर्वांत कठीण प्रसंग चौथा: कंट्रोल दोन्ही ठीक, नमुना मात्र कोरा. जनुक खरेच नाही, की नमुन्यातच पीसीआर अडवणारे काही आहे? रक्तातला हीम, मातीतली ह्युमिक आम्ले, वनस्पतींमधल्या बहुशर्करा हे सगळे एन्झाइमला रोखतात. म्हणून नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावायचा, किंवा त्याच नमुन्यात माहीत असलेला डीएनए मिसळून तो तरी वाढतो का ते पाहायचे. तो वाढला नाही तर दोष नमुन्याच्या शुद्धतेत आहे. ‘आहे’ म्हणण्यापेक्षा ‘नाही’ म्हणायला जास्त पुरावा लागतो, हे विद्यार्थी इथे शिकतात. रोगनिदानाच्या अहवालावर सही करणाऱ्या माणसाला हे कळत नसेल तर रुग्णाचे नुकसान होते.

पाण्यात बँड का येतो, हेही सांगायला हवे. झालेल्या पीसीआरच्या ट्यूबचे झाकण उघडताना अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि त्या एकेका तुषारात लाखो प्रती असू शकतात. म्हणून मिश्रण करण्याची जागा, नमुना घालण्याची जागा आणि झालेली ट्यूब उघडण्याची जागा वेगळ्या ठेवतात. माणूस पहिल्या जागेकडून शेवटच्या जागेकडे जातो, हातमोजे न बदलता उलटा येत नाही. फिल्टर असलेल्या टिप वापरतात. ही शिस्त एकदा मोडली तर पुढचे कित्येक दिवस पाण्याच्या ट्यूबमध्ये बँड दिसत राहतो. जेलच्या अगदी खालच्या भागात, १०० अक्षरांच्याही खाली येणारा फिकट बँड मात्र बहुधा प्राइमर एकमेकांना चिकटल्यामुळे तयार झालेला असतो. त्याला दूषितपणा समजून सगळे फेकून देणे हीदेखील चूकच.

जेलबद्दल थोडक्यात. १०० मिलिलिटर बफरमध्ये एक ग्रॅम अगारोज म्हणजे एक टक्क्याचे जेल. डीएनएवर ऋण भार असतो, तो धन टोकाकडे धावतो; तारा उलट्या जोडल्या तर नमुने मागच्या बाजूने जेलबाहेर निघून जातात. जेल करताना बफरऐवजी नुसते पाणी वापरले तर विद्युतप्रवाह नीट वाहत नाही आणि बँड वेडेवाकडे होतात. न कापलेले प्लाझ्मिड (जिवाणूतला गोल डीएनए) पीळदार असल्यामुळे आपल्या लांबीच्या सरळ तुकड्यापेक्षा पुढे पळते. हे ठाऊक नसेल तर त्याचा आकार सरळ तुकड्यांच्या मापपट्टीवरून वाचला जातो आणि चुकतो.

यंत्राने दिलेल्या आकड्याशी कसे वागायचे, हे दुसरे मोठे शिक्षण. २६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण १ असेल तर दुहेरी धाग्याचा डीएनए मिलिलिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, आरएनए ४०. २६० आणि २८० वरच्या शोषणाचे गुणोत्तर डीएनएसाठी १.८ च्या आसपास आणि आरएनएसाठी २.० च्या आसपास आले की ‘शुद्ध’ म्हणायची प्रथा आहे. पण डीएनएत आरएनए मिसळलेला असेल तरी गुणोत्तर छानच दिसते, आणि प्रमाण मात्र फुगलेले असते. डीएनएचे बारीक तुकडे झाले असतील तर तेही या आकड्यात दिसत नाही. त्यासाठी जेल चालवूनच पाहावे लागते. २६० आणि २३० चे गुणोत्तर २ च्या बरेच खाली असेल तर डीएनए काढताना वापरलेले ग्वानिडिनचे क्षार किंवा फिनॉल मागे राहिले आहेत असा संशय घ्यायचा आणि डीएनए ज्या स्तंभातून गाळून काढला तो पुन्हा धुवायचा. एक आकडा एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. तो कोणत्या प्रश्नाचे देत नाही, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे.

क्लोनिंगमध्येही, म्हणजे हवा तो डीएनए जिवाणूंत घालून वाढवण्यातही, हीच रीत चालते. प्लाझ्मिड कापले, त्यात तुकडा लायगेज या जोडणाऱ्या एन्झाइमने जोडला, जिवाणूंना ४२ अंशांवर ४५ सेकंद उष्णतेचा झटका देऊन ते आत घातले, आणि ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक घातलेल्या बशीवर, जिथे प्लाझ्मिड मिळालेलेच जिवाणू जगायला हवेत, वसाहती उगवल्या. आनंद मानण्याआधी शेजारच्या बश्या पाहायच्या. डीएनए न दिलेले जिवाणू जिथे पसरले, तिथेही वसाहती असतील तर प्रतिजैविकच कमकुवत झाले आहे. गरम अगारमध्ये ओतल्याने ॲम्पिसिलिन नष्ट होते, म्हणून अगार ५०-५५ अंशांपर्यंत निवल्यावरच ते घालतात. कापलेले पण लायगेज न दिलेले प्लाझ्मिड ज्या बशीत आहे तिथे भरपूर वसाहती असतील तर ते पुरते कापलेच गेले नव्हते. न कापलेले प्लाझ्मिड देऊनही काही उगवले नाही तर जिवाणूंची तयारीच बिघडली होती. चार बश्या शेजारी ठेवून वाचता येणारा विद्यार्थी पुढच्या खेपेला काय बदलायचे हे कोणाला न विचारता ठरवतो.

पुनरावृत्ती म्हणजे काय, यावर आम्हाला विशेष आग्रहाने लिहावेसे वाटते, कारण छापून आलेल्या शोधनिबंधांतही इथे चूक सापडते. एका फ्लास्कमधल्या पेशी तीन कप्प्यांत वाटल्या, तिन्हींना औषध दिले आणि तीन मोजमापे घेतली. हे तीन प्रयोग झाले का? नाही. प्रयोग एकच, तीन मोजमापांनी आपला हात किती स्थिर आहे एवढेच कळले. वेगवेगळ्या दिवशी, स्वतंत्रपणे वाढवलेल्या पेशींवर तीनदा केले तर तीन. हाच घोळ उंदरांच्या बाबतीत होतो: औषध मिळालेले सगळे उंदीर एका पिंजऱ्यात आणि न मिळालेले दुसऱ्यात ठेवले, तर दिसलेला फरक औषधाचा की पिंजऱ्याचा, हे कोणत्याही संख्याशास्त्रीय चाचणीने उलगडत नाही. आलेखावरच्या उभ्या रेघा प्रमाण विचलनाच्या (आकडे किती विखुरले) आहेत की सरासरीच्या प्रमाण त्रुटीच्या (सरासरी किती पक्की), हे लिहिलेले नसेल तर विचारायचे; नमुने नऊ असतील तर दुसरी रेघ पहिलीच्या तिसऱ्या भागाइतकीच असते आणि विखुरलेली माहितीही नेटकी दिसते. हे प्रश्न प्रयोगाआधी विचारले तर उपयोग. माहिती गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे गेले तर तो चूक दाखवू शकतो, दुरुस्त करू शकत नाही.

पेशी वाढवण्याच्या कामात न दिसणारा शत्रू म्हणजे मायकोप्लाझ्मा. ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पेशी चांगल्या वाढताना दिसतात, माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही सापडत नाही. या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसल्याने पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो पार होऊ शकतो. पेशींची चयापचय क्रिया मात्र तो बदलून टाकतो. म्हणून ठरावीक अंतराने पीसीआर चाचणी करावीच लागते, पेशी कितीही निरोगी दिसोत.

संगणकाचे शिक्षण आता या पदवीत वेगळे उरलेले नाही. एक उदाहरण पुरे. मानवी जनुकांची ‘सेप्ट-२’, ‘मार्च-१’ अशी संक्षिप्त नावे एक्सेलमध्ये टाकली की ती गुपचूप तारखा होऊन बसत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असे बिघाड आढळले. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. फाइल उघडण्याआधी तो रकाना ‘मजकूर’ ठरवणे, मूळ फाइलला हात न लावणे, केलेला प्रत्येक बदल लिहिलेल्या आज्ञावलीतून करणे, ही कौशल्ये डीएनए हाताळण्याइतकीच महत्त्वाची आहेत.

पुस्तकी ज्ञानाला आम्ही कमी लेखत नाही. पण ते कसे मिळाले, हे शिकले तरच टिकते. डीएनएच्या प्रती काढताना जुना एक धागा आणि नवा एक धागा अशी जोडी बनते, हे एका ओळीत पाठ होते. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये जिवाणू आधी जड नायट्रोजनवर वाढवले, मग साध्या नायट्रोजनवर आणले आणि त्यांचा डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवून, घनतेप्रमाणे वेगळा केला. पहिल्या पिढीनंतर मधल्या घनतेचा एकच बँड दिसला, म्हणजे ‘जुना रेणू अख्खा तसाच राहतो’ ही कल्पना बाद झाली. दुसऱ्या पिढीनंतर मधला आणि हलका असे दोन दिसले, तेव्हा ‘प्रत्येक धाग्यात जुने-नवे तुकडे मिसळतात’ हा तिसरा पर्यायही गेला. पहिल्याच पिढीवर थांबले असते तर दोन पर्याय उरले असते. कोणता प्रयोग कोणती शक्यता बाद करतो, असा विचार करायला शिकलेला पदवीधर ज्ञान बदलले तरी गोंधळत नाही, आणि या विषयात ते सतत बदलते: मानवी जनुकसंचाचा प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी उरलेला सुमारे ८ टक्के भाग वाचून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुरक्षिततेबाबत दोनच गोष्टी, कारण त्यांत जीव जाऊ शकतो किंवा आजार होऊ शकतो. आडव्या प्रवाहाचे लॅमिनार फ्लो कपाट आतली स्वच्छ हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर सोडते. ते नमुन्याला जपते, माणसाला नाही. रोगजंतू असलेला नमुना तिथे उघडायचा नसतो, त्यासाठी जैवसुरक्षा कपाट लागते. दुसरे, डीएनए काढण्याच्या अनेक किटमध्ये ग्वानिडिनचे क्षार असतात. त्यांच्या टाकाऊ द्रवात ब्लीच ओतले तर विषारी वायू तयार होऊ शकतात. टेबल ब्लीचने पुसण्याची चांगली सवय इथे घातक ठरते, म्हणून टाकाऊ द्रवाच्या बाटल्या वेगळ्या ठेवून त्यांवर ठळक चिठ्ठी लावायला शिकवतात.

हे सगळे लिहिण्याचे तातडीचे कारण असे की प्रात्यक्षिकांचे तास आक्रसत चालले आहेत. दहाजण एका यंत्राभोवती उभे राहतात, एकजण करतो, बाकीचे वहीत उतरवतात. मिश्रण किटमधून तयार येते, त्यामुळे त्यात काय आणि किती आहे हे कोणी विचारत नाही. अपेक्षित बँड आला तर पूर्ण गुण, नाही आला तर शेजाऱ्याचा फोटो. अशाने विद्यार्थी नेमके चुकीचे शिकतात: प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि आपले काम ते मिळवून दाखवण्याचे. प्रवेश घेताना विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काही थेट प्रश्न विचारावेत. आठवड्याला प्रयोगशाळेचे किती तास? एका पिपेटमागे किती विद्यार्थी? शेवटच्या वर्षी स्वतः आखलेला, काही महिने चालणारा प्रकल्प आहे का? फसलेल्या प्रयोगाचे नीट विश्लेषण केले तर गुण मिळतात का? प्रयोगवहीत रसायनांचे बॅच क्रमांक आणि खोडलेल्या नोंदी दिसतात का? ज्या वहीत एकही काट नाही, ती बहुधा नंतर बसून सुवाच्य अक्षरात उतरवलेली असते.

परीक्षेबाबत आमची सूचना ठोस आहे. विद्यार्थ्याला नावे न लिहिलेल्या तीन ट्यूब द्याव्यात: एकात शुद्ध प्लाझ्मिड, एकात आरएनए मिसळलेला डीएनए, एकात नुसते बफर. सोबत पिपेट, स्पेक्ट्रोफोटोमीटर, जेलचे साहित्य, आरएनए तोडणारे एन्झाइम आणि चार तास. कोणती ट्यूब कोणती हे ओळखल्याबद्दल थोडे गुण. कोणते कंट्रोल लावले, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही आणि का, आणि हातातल्या पुराव्यावरून काय सांगता येत नाही, हे लिहिल्याबद्दल उरलेले सगळे. अशी परीक्षा घ्यायला नवी यंत्रे लागत नाहीत, तपासनिसांचा वेळ मात्र लागतो. तो वेळ अभ्यासमंडळांनी वेळापत्रकात धरावा.

आपले,
रेण्वीय जीवविज्ञानाचे काही अध्यापक व प्रयोगशाळा प्रशिक्षक